अंगणातील फुलझाडे आणि घरचे मांजर



गोमंतकातील घराचे चित्र डोळ्यांसमोर आणले, की प्रथम दिसते ते अंगण. मध्यभागी तुळशीवृंदावन, कुंपणाला जास्वंद आणि कण्हेर, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर पोसलेले अळू, ओसरीच्या कठड्यावर कुंड्यांची रांग आणि पायरीवर ऊन खात पहुडलेले मांजर. हे मांजर कोणी विकत आणलेले नसते. ते कुठून तरी येते, घरच्या मंडळींना आपले मानते आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी माशांच्या वासाने स्वयंपाकघराच्या दाराशी हजर होते. त्याच्यासाठी पाने वेगळी मांडावी लागत नाहीत. उंबऱ्याजवळ शितकडी ठेवली की त्याचे भागते.

मनुष्याचा आणि मांजराचा हा सहवास फार जुना आहे. सायप्रस बेटावरील उत्खननात सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले, हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. मनुष्य धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागे मांजर आले, असा या सोबतीचा इतिहास सांगितला जातो. आजही भाताच्या कणगीची राखण मांजरच करते. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो. घरातील उंदरांचा वावर रोखणारे मांजर त्या दृष्टीनेही कुटुंबाच्या उपयोगी पडते. अशा या निमूट सेवकाचा जीव कित्येकदा शत्रूमुळे नव्हे, तर आपण हौसेने लावलेल्या एखाद्या फुलझाडामुळे धोक्यात येतो. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

मांजर पाला खात नाही, हा समज

गाई-म्हशींच्या बाबतीत ग्रामीण भागातील जाणत्या माणसांपाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. घाणेरीचा पाला जनावराला बाधतो, कण्हेर गोठ्याजवळ नको, हे गुराख्याला कोणी शिकवावे लागत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र असे ज्ञान रुजले नाही. मांजर हा मांसाहारी प्राणी, त्याचा झाडपाल्याशी काय संबंध, असे गृहीत धरले गेले. मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी म्हण आहे. या बाबतीत डोळे मिटलेले असतात ते घरच्या माणसांचे.

वस्तुस्थिती अशी, की बहुतेक मांजरे अधूनमधून गवत वा पाने चघळतात. रानातील मांजरेही तेच करतात. तो आजार नव्हे; ती त्यांची उपजत सवय आहे. लहान पिले तर जे हलेल त्यावर झेप घेतात आणि तोंडात येईल ते चावून पाहतात. पावसाळ्यात बाहेरचा संचार थांबला, की शहरातील सदनिकेत राहणारे मांजर गॅलरीतील कुंड्यांकडे वळते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की विष पोटात जाण्यासाठी मांजराने पान खाल्लेच पाहिजे असे नाही. मांजर हा अत्यंत स्वच्छताप्रिय प्राणी आहे. दिवसाचा बराच काळ ते आपले अंग चाटून साफ करीत असते. झाडाला अंग घासताना केसांवर पडलेले पराग, पंजाला लागलेला चीक, कुंडीखालच्या बशीतील वा फुलदाणीतील पाणी, या सर्व वाटांनी विष त्याच्या पोटात जाऊ शकते. त्याचे वजन साधारणतः तीन ते चार किलो. म्हणून अल्प मात्राही त्याला पुरेशी होते.

त्यातच निसर्गाने मांजराच्या यकृताची घडण वेगळी केली आहे. ज्या रासायनिक क्रियेने मनुष्याचे यकृत अनेक द्रव्ये निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकते, ती क्रिया मांजराच्या शरीरात फारच क्षीण असते. त्यामुळे मनुष्याला वा कुत्र्याला जे पचते, ते मांजराला पचेलच असे मानणे चुकीचे ठरते.

सत्काराचा गुच्छ

हा धोका कसा घरात शिरतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या कचेरीत निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याचा निरोपसमारंभ झाला. भाषणे झाली, शाल-श्रीफळ झाले आणि मोठ्या पांढऱ्या लिलीच्या फुलांचा गुच्छ हाती आला. गुच्छ घरी येतो, गृहिणी तो पाण्यात घालून मेजावर ठेवते. रात्री घरचे मांजर मेजावर चढते, फुलांना अंग घासते, पाठीवर तपकिरी-केशरी पराग सांडतात. मांजर ते चाटून टाकते. सकाळी ते दोनदा उलटी करते. केसांची गुठळी पडली असेल, म्हणून कोणी लक्ष देत नाही. उलट्या थांबतात, मांजर कोपऱ्यात पडून राहते, परंतु ‘आता बरे दिसते’ असे सर्वांना वाटते. तिसऱ्या दिवशी ते खात नाही, पीत नाही, लघवीही करीत नाही. मग धावाधाव सुरू होते. तोपर्यंत त्याचे मूत्रपिंड निकामी झालेले असते.

गुच्छात येणारी खरी लिली, जिला फुलवाले एशियाटिक लिली, ओरिएंटल लिली वा लिलियम म्हणतात, ती आणि बागेतील डे-लिली ही दोन्ही झाडे मांजराला अतिशय घातक आहेत. पान, फूल, देठ, पराग, इतकेच नव्हे तर ज्या पाण्यात फुले ठेवली ते पाणीसुद्धा धोक्याचे. विष पोटात गेल्यावर पहिल्या बारा तासांत उलट्या, लाळ, मरगळ ही लक्षणे दिसतात. मध्यंतरी उतार पडल्यासारखे वाटते. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडाचे कार्य बंद पडते. पशुवैद्यकाने पहिल्या अठरा तासांच्या आत शिरेवाटे सलाईन सुरू केले आणि ते दोन-तीन दिवस चालू ठेवले, तर मांजर वाचण्याची आशा चांगली असते. त्यानंतर उपचार झाल्यास आशा झपाट्याने मावळते. म्हणजे जो काळ ‘पाहू, उद्यापर्यंत बरे होईल’ म्हणण्यात जातो, नेमका तोच काळ जीव वाचविण्याचा असतो.

एका नावाची अनेक झाडे

लिली हे नाव आपल्याकडे अनेक वेगवेगळ्या झाडांना दिले जाते. त्यामुळे गोंधळ उडतो. पहिल्या पावसाबरोबर फुलणारी पावसाळी लिली, पांढऱ्या लांब पाकळ्यांची स्पायडर लिली आणि नागदवणा ही झाडे खऱ्या लिलीच्या कुळातील नव्हेत. त्यांच्या कंदातील द्रव्याने उलट्या-जुलाब होतात. मात्र खऱ्या लिलीप्रमाणे मूत्रपिंड निकामी होत नाही. घरात कुंडीत लावली जाणारी पीस लिली तर अळूच्या कुळातील आहे. तळ्यात उमलणाऱ्या कुमुदिनीलाही इंग्रजीत लिली म्हणतात. तिचा खऱ्या लिलीशी संबंध नाही.

कळलावीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात रानाच्या कडेला, कुंपणावर तिच्या ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्या लक्ष वेधून घेतात. कोकणात काही ठिकाणी हिला गौरीचे हात असे सुंदर नाव आहे. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते. ते मनुष्यालाही तितकेच घातक आहे. हौसेने तिचा कंद खणून अंगणात लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अंगणातील ओळखीची झाडे

हृदयावर आघात करणाऱ्या झाडांत कण्हेर अग्रस्थानी आहे. तांबडी, पांढरी, गुलाबी कण्हेर आणि पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी, या सर्वांच्या पानाफुलांत, सालीत आणि बियांत हृदयाची गती बिघडविणारी द्रव्ये असतात. पान वाळले तरी विष उणावत नाही. कण्हेरीची छाटणी केल्यावर फांद्या रस्त्याकडेला वा गोठ्यामागे टाकण्याची सवय यासाठीच सोडून दिली पाहिजे. सुकलेला पाला जनावरे चाऱ्याबरोबर खाऊन जातात. पानफुटी आणि कुंडीत शोभेसाठी लावले जाणारे अडेनियम यांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. अशा विषबाधेत उलट्यांबरोबर अशक्तपणा येतो, पाय गार पडतात, हृदयाचे ठोके मंद वा अनियमित होतात.

सायकस हे झाड आता अनेक बंगल्यांच्या दर्शनी भागात दिसते. ते माडासारखे दिसत असले तरी माडाच्या कुळातील नव्हे. त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बिया सर्वांत अधिक. त्याचे विष यकृतावर घाला घालते. मांजराइतकाच कुत्र्यालाही त्यापासून धोका आहे.

अळूवर्गीय झाडांचा प्रकार प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. अळूच्या भाजीत चिंच वा आमसूल का घालतात? घशाला खाज सुटू नये म्हणून. अळूच्या पानांत ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते तोंडात व घशात टोचतात. मनीप्लांट, डिफेनबॅखिया, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, पीस लिली या सर्वांत हेच स्फटिक असतात. मांजराने असे पान चावले, की ते पंजाने तोंड पुसू लागते, लाळ गळते, ओठ व जीभ सुजते. हा त्रास बहुधा काही काळाने ओसरतो. पण घशाला सूज येऊन श्वास घेणे कठीण झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

धोत्र्याने डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, प्राणी भ्रमिष्टासारखा वागतो. एरंड, मोगली एरंड आणि गुंज यांच्या बिया अत्यंत घातक आहेत. एरंडीची पेंड खत म्हणून वापरणाऱ्यांनी ती मातीत नीट मिसळावी आणि पोती बंद खोलीत ठेवावीत. तिच्या वासाने कुत्री विशेषकरून आकर्षित होतात. कोरफड, शेवंती, क्रोटन, चाफ्याचा चीक यांनी सहसा प्राण जात नाही. परंतु उलट्या, जुलाब वा कातडीची आग होऊ शकते. परसातील कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. म्हणून कांदा-लसणाचे वाटण घातलेले उरलेले कालवण त्याला घालू नये, साधा भात आणि उकडलेला मासा द्यावा.

चतुर्थीच्या दिवसांत गोमंतकीय घरांत गणरायावर माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचे घोस यांबरोबर कवंडळासारखी कितीतरी रानफळे, रानफुले आणि वेली तीत गुंफल्या जातात. ती आपल्या लोकजीवनाची शोभा आहे आणि रानाची ओळख टिकविणारी शाळाही आहे. माटोळीतून गळून पडलेली फळे-फुले मात्र रोज वेचून घ्यावीत. ती मांजराच्या पिलांच्या आणि रांगत्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

झाडे उपटण्याचे कारण नाही

हे सर्व ऐकून कोणी कोयता घेऊन अंगणात उतरण्याचे कारण नाही. कण्हेर देवपूजेला लागते, कोरफड औषधाला लागते, अळू तर ताटात लागते. प्रश्न झाड असण्याचा नाही. ते कोठे आहे आणि ते काय आहे हे घरच्यांना ठाऊक असण्याचा आहे. अपवाद एकच करावा. ज्या घरात मांजर आहे, त्या घरात खरी लिली आणि डे-लिली आणू नये. उंच फडताळावर ठेवू, असे म्हणणे निरर्थक आहे. मांजराला उंच असे काही नसते.

उर्वरित झाडांसाठी सोपे उपाय आहेत. कण्हेर, बिट्टी, सायकस ही झाडे ओसरीपासून दूर, कुंपणाच्या टोकाला असावीत. मनीप्लांट व तत्सम वेली टांगत्या कुंडीत लावून त्यांच्या फांद्या वेळच्या वेळी खुडाव्यात. गळलेली पाने, फुले, बिया रोज झाडून काढाव्यात. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डासांच्या दृष्टीनेही ते हिताचे आहे. मांजराला प्यायला स्वच्छ पाणी वेगळे ठेवावे.

मांजराची गवत चघळण्याची सवय मोडता येत नाही. तिला सुरक्षित वाट मात्र देता येते. नवरात्रात घटाजवळ धान्य रुजत घालतात, त्याच रीतीने एका पसरट भांड्यात माती घालून मूठभर गहू पेरावेत. आठवड्याभरात कोवळे कोंब येतात. मांजर ते आवडीने चघळते आणि कुंड्यांकडे कमी वळते. गुलाब, मोगरा, जास्वंद, अरेका पाम, केळ ही झाडे मांजराच्या दृष्टीने निर्धोक मानली जातात. ओसरीजवळ त्यांना स्थान द्यावे. त्यांवर कीटकनाशक फवारले असल्यास मात्र मांजराला काही दिवस तिकडे फिरकू देऊ नये. गोगलगाईंसाठी टाकावयाच्या विषारी गोळ्यांचाही वापर मांजर-कुत्री असलेल्या अंगणात टाळावा.

विषबाधेचा संशय आल्यास

प्रथम तोंडात राहिलेला पाला काढावा. केसांवर पराग वा चीक असल्यास ओल्या फडक्याने पुसावा आणि मांजराला टॉवेलात गुंडाळून धरावे, म्हणजे ते अंग चाटणार नाही. जे झाड चावले त्याची फुला-पानांसह फांदी बरोबर घ्यावी; ते शक्य नसल्यास मोबाईलवर छायाचित्र काढावे. उलटी केव्हा झाली, किती वेळा झाली, याची वेळ लिहून ठेवावी. आणि लागलीच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे निघावे. जाण्यापूर्वी दूरध्वनी केल्यास तेथे तयारी करणे सोपे जाते.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्या मिठानेच मांजर दगावू शकते. दूध वा तेल घशात ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. आणि मनुष्याचे औषध कधीही देऊ नये. ताप-दुखण्यासाठी घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला प्राणघातक ठरते. मायेने केलेला असा उपचार झाडाच्या विषापेक्षाही घातक होतो.

शाळा आणि कचेऱ्या

या कामी शिक्षकांचे साहाय्य अनमोल ठरेल. शाळेच्या बागेतील प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावावी. तिच्यावर मराठी व कोकणी नाव असावे आणि विषारी झाडाच्या पाटीवर तांबडा ठिपका असावा. मुलांनी आपापल्या अंगणातील झाडांची यादी करून आणावी, वडीलधाऱ्यांकडून त्यांची स्थानिक नावे विचारून घ्यावीत. जे झाड मांजराला बाधते, ते बहुधा लहान भावंडालाही बाधते. त्यामुळे ही यादी साऱ्या घराच्या उपयोगी पडेल आणि आजी-आजोबांपाशी असलेले वनस्पतींचे ज्ञान नातवंडांच्या वहीत उतरेल.

कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांनी आणि संस्थांच्या चालकांनीही एक साधी प्रथा पाडावी. सत्कारासाठी गुच्छ हवाच असेल, तर गुलाब, जरबेरा यांचा असावा, लिलीचा नसावा. ज्याला गुच्छ द्यावयाचा त्याच्या घरी मांजर आहे की नाही, हे व्यासपीठावरून कोणी विचारीत नाही. पंचायतींनी उद्यानांतील कण्हेरीची छाटणी झाल्यावर पाला उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावा, म्हणजे मोकाट गुरांचाही जीव वाचेल.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट करण्यात आली. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे त्यांपैकी एक आहे. दया म्हणजे केवळ घासभर अन्न नव्हे. ज्याला बोलता येत नाही, आपल्याला काय होते आहे हे सांगता येत नाही, त्याच्या वतीने आपण जाणून घेणे आणि वेळेवर हालचाल करणे, हा त्या कर्तव्याचाच भाग होय.

आज घरी परतल्यावर दिवेलागणीपूर्वी प्रत्येकाने आपल्या अंगणात एक फेरी मारावी. कोणते झाड कोठे आहे, त्याचे नाव काय, त्याच्या खाली काय पडले आहे, एवढे पाहावे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. आणि मांजराने एखाद्या सकाळी खाणे सोडून कोपरा धरला, तर दुसऱ्या सकाळची वाट पाहू नये.